मालिकेतल्या अभिनेत्रीची प्रकट मुलाखत घ्यायची आहे? आधी तबस्सुमचं एक पान लिहून बघा

गणपती, कोजागरी, महिला दिन, मंडळाचा वर्धापनदिन. निमित्त कुठलंही असो, कुणीतरी ओळख काढून मालिकेतल्या एखाद्या अभिनेत्रीला बोलावतं आणि 'तुम्ही छान बोलता, तुम्हीच घ्या मुलाखत' म्हणून माइक तुमच्या गळ्यात पडतो. हाताशी चार दिवस असतात. मग मोबाइलवर तिचं नाव टाकायचं, दहा प्रश्न उतरवून काढायचे, आणि पहिला प्रश्न तर ठरलेलाच: 'या क्षेत्राकडे कशा वळलात?'

तो प्रश्न आत्ताच खोडा. त्याचं उत्तर बाईंना पाठ आहे, तुम्हालाही आहे, आणि तिसऱ्या रांगेतल्या काकूंनाही. लहानपणापासून आवड होती, शाळेच्या गॅदरिंगमध्ये काम केलं, बाबांचा विरोध होता पण आई पाठीशी होती. पाच मिनिटं गेली आणि सभागृहानं मोबाइल बाहेर काढले.

मी नोकरी बँकेत केली आणि डोंबिवलीत हौसेनं मुलाखती घेत आले. कुणाकडे शिकायला गेले नाही, पण शिकले ते मुख्यतः टीव्हीवर सिनेकलाकारांच्या मुलाखती घेणाऱ्या तबस्सुमकडून. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच महिन्यात वरळीच्या केंद्रातून तिचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' सुरू झालं. 1993 पर्यंत, म्हणजे 21 वर्षं, ते चाललं. भारतीय टीव्हीवरचा पहिला टॉक शो म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. तेव्हा टॉक शो वगैरे कुणी म्हणत नव्हतं. गिरगावात आमच्या मजल्यावर एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता आणि 'तबस्सुम लागली' एवढं म्हटलं की पुरे. पडद्यावर नुसता नाचताना-रडताना पाहिलेला नट खुर्चीत बसून साध्या आवाजात बोलतो, हेच केवढं अप्रूप होतं. आमच्या आईला तिचं हसणं जरा जास्तच वाटायचं. 'पाहुण्याआधी हीच हसते,' म्हणायची. पण उठून जायची नाही.

ती इतकी सहज बोलायची याचं कारण मला फार उशिरा कळलं. ती पाहुण्यांना प्रश्न विचारायला बाहेरून आलेली नव्हती. ज्यांच्याशी बोलत होती त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या सेटवर ती फ्रॉक घालून वावरली होती. तिला जे आयुष्यानं आयतं दिलं, ते तुम्हा-आम्हाला वहीत बसून तयार करावं लागतं. या सगळ्या लेखाचा मुद्दा एवढाच, पुढचं सगळं त्याच्या कृतीबद्दल आहे.

वहीचं पान

एक पान घ्या. डावीकडे साल, मधे काय केलं, उजवीकडे कोरी जागा. सरावासाठी तबस्सुमचंच पान लिहू, म्हणजे जी आयुष्यभर दुसऱ्यांना बोलतं करत आली तिलाच खुर्चीत बसवू. माझ्या वहीत ते असं आहे:

1944 – जन्म मुंबईत, 9 जुलैला. वडील अयोध्यानाथ सचदेव, आई असगरी बेगम, दोघंही स्वातंत्र्यलढ्यातले.
1947 – 'नर्गिस' सिनेमा. बेबी तबस्सुम, वय तीन.
1951 – 'दीदार'. नर्गिसचं लहानपण.
1952 – 'बैजू बावरा'. मीनाकुमारीचं लहानपण.
1972 – दूरदर्शन.
1985 – 'तुम पर हम कुर्बान'. निर्मिती आणि दिग्दर्शन स्वतःचं, मुलगा नायक.
1993 – कार्यक्रम बंद.
2022 – 18 नोव्हेंबरला मुंबईत निधन, वय 78.

पान लिहून झालं की वर्षं वाचायची नाहीत. दोन वर्षांमधलं अंतर वाचायचं. 1952 ते 1972 बघा. मधे वीस वर्षं आहेत. छोट्या-मोठ्या भूमिका होत्या, स्टेजवरची निवेदनं होती, पण पान जवळजवळ रिकामं दिसतं. मोठ्या नायिकांचं लहानपण जिनं केलं, ती स्वतः मोठी झाल्यावर नायिका झाली नाही. तुमची मुलाखत या रिकाम्या जागेत आहे. 'दीदार'मधलं घोड्यावरचं ते बालपणीचं गाणं सगळ्यांना माहीत आहे. त्यावर बोलणं होईलच, लोक टाळ्याही देतील. पण त्यानंतर तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला स्टुडिओतून बोलावणी येईनाशी झाली तेव्हा घरात दिवस कसा जायचा, हे विचारलंत तर टाळ्या थांबतील आणि माणसं ऐकू लागतील.

आता प्रश्न कसा घालायचा ते बघा. 'तो काळ कठीण होता का?' असं विचारलं की 'हो, होता' असं उत्तर येतं आणि तुम्ही पुन्हा वहीत डोकं घालता. त्याऐवजी वस्तू किंवा कृती धरून विचारा. 'नर्गिसचं लहानपण करायचं म्हणून सेटवर तुम्ही तिच्याकडे बघत बसायचात, की दिग्दर्शक नुसतं सांगायचे अशी चाल, तशी मान कर?' हा प्रश्न कामाबद्दल आहे, त्याला हो-नाही चालत नाही, आणि उत्तर देताना बाई मान वळवून दाखवतेच. मंचावर कुणी काही करून दाखवलं की पुढची दहा मिनिटं तुम्हाला चिंता नाही.

1985 च्या नोंदीवर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतील: 'दिग्दर्शन करताना आई जास्त होतात की दिग्दर्शक?' हा प्रश्न ऐकला की मला उठून जावंसं वाटतं. विचारायचं असेल तर विचारा, 'मुलाचा पहिला शॉट कुठला लावलात? सोपा की अवघड?' आई आणि दिग्दर्शक दोघीही त्या उत्तरात आपोआप येतात.

पानावर एक सापळाही आहे. तिचे यजमान विजय गोविल हे अरुण गोविल यांचे थोरले भाऊ. म्हणजे 1987 ला रविवारी सकाळी देश ज्या रामासमोर हात जोडून बसत होता, तो हिचा दीर. हे कळल्यावर मंडळाचे अध्यक्ष तुम्हाला हमखास सांगणार, 'रामाबद्दल विचारा हं!' एक प्रश्न विचारा आणि पुढे चला. बोलावलेल्या बाईला तिच्या नातेवाइकांबद्दल बोलायला लावणं हा तिचा अपमान आहे, आणि आपल्याकडे तो सर्रास होतो. नवरा दिग्दर्शक असला की निम्मी मुलाखत त्याच्यावरच.

नावाची गंमत मात्र विचारण्यासारखी. वडिलांनी आईच्या धर्माचा मान राखून मुलीचं नाव तबस्सुम ठेवलं आणि आईनं वडिलांच्या धर्माचा मान राखून किरणबाला. 'घरात हाक कुठली यायची, आणि रागावल्यावर कुठली?' एवढंच विचारायचं. 1944 ते 1947 च्या मुंबईत असं घर कसं चालत असेल, यावर तुम्ही भाषण करायची गरज नाही. ते तिच्या उत्तरातून येतं.

1993 च्या पुढेही लिहा. ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही सुरू झाला आणि वर्षभरात दूरदर्शनवरचा हा जुना कार्यक्रम संपला. या दोन गोष्टी शेजारीशेजारी लिहिल्या की प्रश्न आपोआप दिसतो. एकामुळे दुसरं झालं असं आपण म्हणायचं नाही, तिला विचारायचं. त्यानंतरही ती गप्प बसली नाही. मालिकेत काम केलं आणि सत्तरीनंतर यूट्यूबवर 'तबस्सुम टॉकीज' चालवलं. स्टुडिओत माणसांच्या ताफ्यात बोलणारी बाई घरच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर एकटी बोलू लागली तेव्हा ती नजर कुठे लावायची? मला हे विचारायला फार आवडलं असतं. आज ते भाग बघा, मुलाखत घेणाऱ्याला त्यातून खूप मिळतं: किस्सा कुठे थांबवायचा, नाव कधी उच्चारायचं, हसायचं कधी.

आता तुमच्या पाहुणीचं पान

मालिकेतल्या बाईंचं पान लिहिताना रिकाम्या जागा वेगळ्या असतात. एक मालिका संपून दुसरी लागेपर्यंतचे महिने. मालिकेनं लीप घेतला, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे नेली, आणि तिशीतल्या मुलीला एका रात्रीत सासू केलं तो आठवडा. भूमिका दुसरीला गेली, किंवा दुसरीची भूमिका हिला मिळाली तो दिवस. नाटकातून आलेली असेल तर नाटक कधी सुटलं. इथे बोट ठेवा, पण आधी फोनवर विचारून.

त्यासाठी फोन करावाच लागतो. कार्यकर्त्यानं नाही, तुम्ही. वेळ विचारून करा, कारण शूटिंगची शिफ्ट बारा-बारा तासांची असते, सेट घोडबंदर रोडला नाहीतर मढला, आणि एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, नसेल तर आज लिहिलेला सीन आज चित्रित होऊन लगेच दाखवायचा असतो. ती मेकअप खोलीतून बोलत असेल तर दहा मिनिटं मिळतील. त्या दहा मिनिटांत तीन गोष्टी विचारा. काय विचारलेलं आवडणार नाही? कुठल्या जुन्या कामाबद्दल कुणीच विचारत नाही? आणि कार्यक्रमानंतर किती वाजता निघायचंय? बस्स. ती एखादा किस्सा सांगायला लागली तर थांबवा: 'आत्ता सांगू नका, मंचावर सांगा.' फोनवर सांगितलेला किस्सा मंचावर शिळा होतो. दुसऱ्यांदा सांगताना ती हसण्याच्या जागा आधीच ठरवून येते आणि तुम्हालाही खोटं हसावं लागतं.

दुसऱ्या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त दिलं आहे. एका ज्येष्ठ अभिनेत्रीनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, 'बांगड्यांबद्दल कुणी विचारत नाही.' मला काही कळलं नाही, पण मी वहीत 'बांगड्या' लिहून ठेवलं. मंचावर विचारल्यावर त्यांनी सांगितलं. मालिकेत त्या आजी होत्या. एक प्रसंग तीन दिवस चित्रित होतो, म्हणून रोज शॉट संपला की कपडेपटातली मुलगी मोबाइलवर दोन्ही हातांचा फोटो काढते: कुठल्या हातात किती, हिरव्या कुठे, पाटल्या कुठे, मंगळसूत्राची वाटी कुठल्या बाजूला. दुसऱ्या दिवशी तो फोटो बघून हात भरायचे. पुढे मालिकेत त्या आजीचे यजमान वारले. त्या दिवशी फोटोतले हात एकदम मोकळे. बाई म्हणाल्या, 'माझे हे घरी जेवायला वाट बघत होते आणि मी गाडीत पर्समधल्या दोन बांगड्या शोधत होते. मोकळ्या हातानं घरात शिरवेना.' सभागृहात चिडीचूप. पुढचा प्रश्न मी लगेच विचारला नाही, मनात चारपर्यंत मोजलं. त्या आपणहून पुढे बोलल्या: रोज त्यांच्या घरी मालिका बघणाऱ्या शेजारीण वहिनी त्या आठवड्यात हळदीकुंकवाला बोलवायला कशा कचरल्या ते.

चारपर्यंत मोजणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. शांतता झाली की आपल्यालाच घाम फुटतो आणि आपण 'वा, क्या बात है' म्हणून मोकळे होतो. तबस्सुमची पद्धत इथे मी उचलत नाही. ती शांतता राहूच द्यायची नाही, एखादा शेर टाकायची, विनोद करायची आणि गाडी पुढे. तिच्या कार्यक्रमाला ते शोभायचं. शांततेसाठी सिमी गरेवाल बघा. ती मूळची 'दो बदन', 'मेरा नाम जोकर', 'कर्ज'ची अभिनेत्री. 1997 पासून पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्याशुभ्र सजावटीत ती मुलाखती घेऊ लागली. सगळं जरा अतीच गोड होतं, मला मान्य आहे. पण 1999 ची जयललितांची मुलाखत बघा. कडक म्हणून प्रसिद्ध असलेल्या बाईंनी त्यात 'चोरी चोरी'मधलं गाणं गाऊन दाखवलं. सिमीनं तिथे फारसं काही केलं नाही, हळू आवाजात विचारलं आणि वाट बघितली. समोरची बाई राजकारणी होण्याआधी अभिनेत्री होती, हे तिच्या पानावर नक्की लिहिलेलं असणार.

कुठली पद्धत कधी? गणपतीच्या मांडवात पोरं धावताहेत, मागे महाप्रसादाच्या पातेल्यांचा आवाज आहे, तिथे तबस्सुम. वाचनालयाच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या, तिथे सिमी. उलट करू नका.

मंच, माइक आणि सत्कार

हे पटकन सांगते. खुर्च्या चाकांच्या नकोत आणि सोफा तर नकोच, सोफ्यात माणूस रुततो आणि आवाज पोटात जातो. दोन खुर्च्या जरा तिरक्या, म्हणजे ती तुमच्याकडेही बघेल आणि लोकांकडेही. माइक दोघींना वेगवेगळे, आणि साउंडवाल्याला नावानं हाक मारण्याइतकी ओळख आधीच करून ठेवा. शिट्टी वाजली की तोच देव. हातात कागदांचा गठ्ठा नको, पोस्टकार्डाएवढं एक कार्ड पुरे, त्यावर प्रश्न नाहीत, फक्त शब्द: बांगड्या, लीप, पहिला चेक.

सत्कार हा खरा शत्रू. शाल, श्रीफळ, मोमेंटो, प्रायोजक, प्रायोजकांचे चिरंजीव, मग नगरसेवकांचे दोन शब्द. अर्धा तास असाच जातो आणि पाहुणी तोवर हसून हसून दमलेली असते. अध्यक्षांना आधीच सांगा की सत्कार मुलाखतीनंतर होईल. ऐकणार नाहीत. मग निदान पाच मिनिटांवर तडजोड करा आणि पाहुणीची ओळख करून देण्याचं काम स्वतःकडे घ्या, नाहीतर तिची सगळी पुण्याई कुणीतरी कागदावरून वाचून दाखवेल आणि तुमच्या वहीचं पान तिथेच फुकट जाईल.

प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी माइक फिरवू नका, चिठ्ठ्या घ्या. माइक हातात आला की काही गृहस्थ प्रश्न विचारत नाहीत, स्वतःचा परिचय देतात. चिठ्ठ्यांत 'तो डायलॉग म्हणून दाखवा' हमखास असतो. बाईंना आधी विचारलेलं असेल तर तो पहिल्यांदाच घ्या, सगळे खूश. 'खऱ्या आयुष्यातही तुम्ही अशाच खाष्ट आहात का?' ही चिठ्ठी खाली ठेवा. वयाची, लग्नाची आणि मानधनाची चिठ्ठीही.

मोठं उत्तर कसं थांबवायचं, हे लोक नेहमी विचारतात. बोलणाऱ्यानं श्वास घेतला की तिच्याच वाक्यातला एखादा शब्द उचला आणि त्यावरून पुढे जा. 'तुम्ही आत्ता कोल्हापूर म्हणालात...' तिला तोडल्यासारखं वाटत नाही, ऐकल्यासारखं वाटतं. त्यासाठी खरोखर ऐकत असावं लागतं, पुढचा प्रश्न मनात घोळवत नव्हे.

सव्वा तास पुरे. 'नवोदितांना काय संदेश द्याल?' हा शेवट नको. नवोदित सभागृहात नसतात, ते ऑडिशनला रांगेत असतात. मी शेवटी बहुतेक वेळा उद्याचं विचारते: उद्या कॉल टाइम किती, आणि सीन कुठला? सकाळी सातचा कॉल आहे असं कळलं की लोक स्वतःच जागा करून देतात, सेल्फीची झुंबड निम्म्यावर येते.

पडदा पडल्यावर तुमचं काम संपत नाही. मानधनाचं पाकीट तिला मागायला लागू नये, गाडी दाराशी उभी असावी, आणि जेवण नको म्हणाली तर डबा बांधून द्यावा. मुलाखतीचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचं असेल तर तिची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवरचा 'हो' चालेल. चॅनेलशी करार असलेल्या कलाकाराला काही गोष्टी बाहेर बोलायची मुभा नसते, आणि मंचावर रंगात येऊन तिनं मालिकेच्या पुढच्या ट्रॅकबद्दल, म्हणजे पुढच्या कथेबद्दल, एखादं वाक्य बोलून टाकलेलं असू शकतं. ते वाक्य आधी कापा, मग टाका.